अक्षराचं पोट

खणभागात दुसऱ्या मजल्यावर
माझं टेबल खिडकीला टेकलेलं.
लोक फोटो आणतात, मी पानाला नाव देते.
एका नावाचे चाळीस रुपये,
चमकी लावली तर पन्नास.
चमकी लावू नका, हे मी फुकट सांगते.

केक दिसतोच आहे, मग वर 'वाढदिवस' कशाला?
पोरगं केकाकडे बघतच नाही,
ते बघतंय फुटलेल्या फुग्याकडे.
'फट्' लिहू या. मोठ्ठं. पानाच्या कडेला जाऊन आपटलेलं.
बाई हसतात, नवऱ्याला फोन लावतात,
मग म्हणतात, बरं, पण खाली बारीक 'वाढदिवस' असू दे.
असू दे.

रंग मी फोटोतूनच उचलते:
साडीच्या काठाचा, लुनाच्या सीटचा,
हरिपूरच्या घाटावर कुणाच्या तरी हातातल्या
अर्ध्या खाल्लेल्या पेरूचा.
शिरोरेघ ताठच हवी असं कुणी सांगितलं?
सहलीच्या पानावर मी ती सैल सोडते
आणि अक्षरं वाळत घालते,
एखादी वेलांटी वाऱ्यावर.

कुठं शिकलीस गं हे, विचारतात.

अब्बा पत्रे कापायचे.
हळदीच्या पोत्यांवर मारायचे छापे,
पेढी, गाव, नग, वजन.
जस्ताचा पत्रा, बोटभर छिन्नी,
आणि 'व' आला की हात थांबवून मला बोलवायचे:
"सगळा गोल कापलास तर पोट गळून पडतं.
एवढा पूल ठेवायचा. गव्हाएवढा.
कापलं नाहीस, तेच धरून ठेवतं."
म्हणून त्यांचे सगळे व, ब, थ
मधेच थोडे अडखळलेले.
शाळेत मीही तसंच लिहायची, तोडून तोडून.
वहीवर लाल शेरा यायचा: अक्षर जोडून काढ.

परवा आरवाडेंची सून आली, कुमुदिनी.
सासऱ्यांची पंचाहत्तरी, बत्तीस फोटो,
आणि शीर्षक असं हवं की पान उघडताच डोळा तिथंच जावा.
'सुवर्णक्षण' लिहा ना, सोनेरीत.
मी मान हलवत फोटो चाळत होते.

सव्विसावा.
गोदामाच्या दारात तरणे आरवाडे,
बेलबॉटम, गॉगल, एक पाय वजनकाट्यावर.
मागं पोत्यांची थप्पी.
भिंग धरलं.
पोत्यावर 'आरवाडे ट्रेडर्स, सांगली',
आणि 'वा'च्या पोटात
पूल.
गव्हापेक्षा जरा मोठाच.
चष्मा लागला होता त्यांना
आणि घरी सांगितला नव्हता.

आमच्याकडे अब्बांचा फोटो एकच, मतदान कार्डावरचा,
त्यात ते कुणीही असू शकतात.

म्हटलं, या पानाला नाव नको.
"का?"
लिहिलेलं आहे.
तिनं फोटो जवळ नेला, लांब नेला.
"अय्या, हे तर आमचंच नाव!"
हो, तुमचंच.
फोटो तेवढा मोठा करून घेतला,
बाकी काही चिकटवलं नाही,
आणि बिलातून चाळीस रुपये कमी केले.

व्यापारी आपापले पत्रे घेऊन गेले कधीच.
आमच्या फळीवर एकच उरलाय,
माझ्या हातचा, नवव्या वर्षीचा, पूल विसरलेला.
रात्री तो पुसला, खाली कोरं पान ठेवलं,
स्पंजनं शाई मारली.
'व' नाही उठला.
दांड्याला टेकलेला नुसता एक काळा गोळा.

ते पान मी ठेवलंय.
फोटो नाही त्यावर.
नाव काय द्यावं, तेही
अजून ठरलं नाही.